जिवाणीचा परदेशप्रवास

निपाणी, कार्तिक वद्य षष्ठी

आक्का, सदलग्यापर्यंत हात पोचत नाहीत, म्हणून इथूनच वाकून तुमच्या पायांना हात लावते.

“पाणी आपलं नसतंय गं पोरी, उसनं आणलेलं असतंय,” असं तुम्ही मला विहिरीवर म्हणाला होतात. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याची ती पहिली सकाळ. पाणी गाळल्यावर फडक्यात डोळ्यांना न दिसणारे जे जीव उरतात, ती जिवाणी. ती ज्या विहिरीची त्याच विहिरीला परत द्यायची, तीसुद्धा वरून ओतून नव्हे, तांब्या पाण्यापर्यंत हळू सोडून. आज मला सुना आल्या, पण विहिरीवर तुम्ही मागे उभ्या आहात असं अजून वाटतं.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल स्वतः लावता, की शेजारच्या गुणाबाईंना देऊन टाकलंत? इकडे सगळे खुशाल. तंबाखूची वखार उघडली की गल्ली शिंकते, एवढीच तक्रार.

तुमचं पत्र पोचलं. येत्या अमावास्येला स्तवनिधीला तुमचे बंधुराज दिग्व्रत घेणार, दहाही दिशांना हद्द आखून पुन्हा म्हणून घाट उतरणार नाहीत, ह्याचा तुम्हाला झालेला आनंद अक्षरातून दिसतो. मलाही झाला. (थोडा.) पण नवऱ्याची हद्द आखली की बायकोची वेगळी आखावी लागत नाही. म्हणजे माझा समुद्र संपला. तो संपण्याआधी त्या सहलीत काय झालं, ते माझ्याकडूनही एकदा ऐका.

आम्ही परदेशी जाऊन आलो हे गावभर झालंच आहे. (परदेश म्हणजे काय, तर आंबोली उतरून बांद्याच्या पुढे गेलं की रस्त्यावर एक बांबू आडवा असतो आणि त्याच्या पलीकडचा शिपाई पोर्तुगीज सरकारचा असतो. माती तीच, माडही तेच.) मोटार हेच चालवत होते. रस्ता इतका देखणा, की एका बाजूला माड आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, असं ह्यांनी मला सांगितलं. मी पाहिला नाही. का, ते सांगते.

एका देवळापाशी गोड्या पाण्याची विहीर लागली. मी पाणी गाळलं, जिवाणी तांब्यात घेतली. तोच हे ओरडले, “चल गं, तर सुटली!” (तर म्हणजे दोन होड्यांवर फळ्या टाकलेल्या, त्यावर मोटार चढवून नदी ओलांडतात.) मी धावत येऊन बसले आणि दमून डोळे मिटले. नदी ओलांडली, समुद्रकाठाने बरंच पुढे गेलो, हे तर गुणगुणायलाही लागले होते, आणि डोळे उघडले तर पायाशी तो तांब्या.

हे म्हणाले, “एवढा समुद्र हाय की. तितं सोड.” मी म्हटलं, “गोड्या पाण्यातले जीव खाऱ्यात? तुम्हाला सोडू का?” मग म्हणाले, दुसरी विहीर बघू. मी म्हटलं, तुमच्या पोरांना दुसऱ्याच्या घरी सोडून आलं तर चालेल का? तेव्हा त्यांनी मोटार वळवली. ती वळवताना जे बोलले ते जैनाने बोलू नये, म्हणून लिहीत नाही.

परत येताना तांब्या मांडीवर. रस्त्याला खड्डे, आणि थेंब सांडला तर हिंसा. माझे डोळे तांब्यावरून हलले नाहीत. तरवाला आम्हाला बघून हसला. विहिरीवर मी तांब्या दोरीने हळूहळू खाली सोडत होते, तर पाण्याला आलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “उदक व्हरपाक सगळींच येतात, परतून दिवपाक आयिल्लीं तुमीच पयलीं!” (न्यायला सगळे येतात, परत द्यायला आलेली तुम्हीच पहिली.) ह्यांनी तेवढ्यात तिच्यापुढे माझी तक्रार मांडली. तिने माझीच बाजू घेतली. तिसऱ्यांदा तरीवर चढलो तेव्हा तरवाला हसलासुद्धा नाही, त्याने मोटारीला जागाच धरून ठेवली होती.

ह्या येरझारांना कंटाळून ह्यांनी नेम घ्यायचं ठरवलं. दुसरं काही नाही.

मुलांचे नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमची भावजय,
कमला

ता. क. – आक्का, “दुसरं काही नाही” हे खोटं आहे. पलीकडे पोचलो तेव्हा सूर्य उतरत होता. दिवस असेतो जेवायला हवं, मावळल्यावर घास नाही, म्हणून वाळूवरच दशम्या सोडल्या. माझ्या मांडीवर आता तांब्या नव्हता, तेव्हा मी मान वर केली, आणि जेवायचंच राहून गेलं. हेही घास हातात धरून बघत होते. “कमले, लई मोठं हाय गं हे,” एवढंच म्हणाले. सूर्य पाण्यात गेला. मग ह्यांनी भान नसताना तो घास तोंडात घातला, गिळला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो भरवला होता. हा नेम त्या घासाचा आहे, कंटाळ्याचा नाही. त्यांना समुद्र नकोसा झालेला नाही, फार आवडला आहे, आणि त्याचीच त्यांना भीती वाटते आहे. मी हे सांगितल्याचं त्यांना कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. – ते तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. घासाचं प्रायश्चित्त द्या, उपास सांगा, मीही करीन. वर आणि खाली ह्या दिशा खुशाल बांधा. विमान परवडत नाही आणि विहिरीत उतरायचं नाही. पूर्व, उत्तर, दक्षिण, सगळे कोपरेसुद्धा बांधा. तुम्ही नाहीच म्हणणार, हे मला पाकीट चिकटवण्याआधीच ठाऊक आहे. तरी अमावास्येला हात जोडून उभे राहतील तेव्हा त्यांना एवढं सांगाल का, की पश्चिम तेवढी मोकळी ठेव?