खाडीपलीकडचं टपाल

बाबा, तुमची टपालाची पिशवी मी अजून खांद्याला लावते, पण किती दिवस लावीन ते सांगवत नाही. खाडीपलीकडच्या कोळीवाडीचं टपाल एका कंपनीला द्यायचं घाटतंय. हळूहळू सगळंच देतील म्हणे. तुमच्यामागे तुमची जागा मला मिळाली, इतकी वर्षं तरीच्या होडीत बसून मी पलीकडे वाटप केलं, आणि आता मला ऐकवतात की वाडी परवडत नाही. परवडत नाही! टपाल काय मासळीचा वाटा आहे, परवडला तर घ्या? त्या शब्दाची मला शिसारी आली आहे.

समजवायला कंपनीचा एक माणूस आला होता. तुमच्या खुर्चीत बसला, मी केलेला चहा प्यायला आणि मोबाइलवर नकाशा दाखवू लागला. नकाशात काशीदची झाडून सगळी रिसॉर्टं होती आणि वाडीच्या जागी नुसता हिरवा रंग. मी म्हटलं, अहो, इथे माणसं राहतात. तर म्हणतो, "मॅडम, अलीकडे धक्क्यावर एक पेटी बसवू ना. लोक येऊन आपापलं घेऊन जातील." वर हसला. लाज कोळून प्यायलेली माणसं ही. मला त्याच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला.

तो पेटी पेटी करत होता आणि मला ती दुपार आठवत होती. मी कॉलेजात आहे, तुम्हाला ताप भरलाय, म्हणून टपाल मी नेलंय. ओहोटीमुळे होडी सुटत नाही. चिखलात कोण उतरणार, म्हणून वाडीतल्या एका बाईचं कार्ड मी धक्क्यावरच्या मासळीवालीकडे देते आणि घरी येते. तुम्ही चुलीपाशी पेज पीत बसला आहात. मी सांगितलं आणि तुम्ही वाटी खाली ठेवलीत.

"त्या कार्डाचा कोपरा फाटलेला व्हता. बघितला न्हाय?"

बघितला होता. प्रवासात फाटला असेल, असं वाटलं होतं. तो मयताच्या बातमीचा कोपरा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"असलं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं, मग फाडून टाकायचं," तुम्ही म्हणालात. "आनि घरात दुसरं कोन हाय ते आधी बघायचं. कोन नसलं तर आपन थांबायचं. ती मासळीवाली थांबंल?" तशा तापात तुम्ही उठलात आणि मासळीवालीकडून कार्ड घेऊन गुडघाभर चिखलातून पलीकडे गेलात. दिवेलागणीला आलात तेव्हा पाय धुताना एवढंच बोललात, "तिचा भाऊ गेला." मला पुढे रागावलादेखील नाहीत.

वाडीने आता विरोधाचा अर्ज केला आहे. तो मी लिहून दिला, ऑफिस बंद झाल्यावर, तुमच्याच टेबलावर. लिहिताना इतका संताप होत होता की दोन कागद फाडावे लागले. पहिला अंगठा वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीचा. "त्या पेटीला वाचता येतंय व्हय गो?" तिने विचारलं, आणि सगळे हसले. मग एकेक जण पुढे आला. कागद भरला तसा आजीने तो माझ्यापुढे सरकवला. "आता तुजी कर."

मी म्हटलं, "आजी, मी खात्यातली. आम्हाला सही करायची बंदी आहे."

"व्हय का," म्हणाली आणि लगेच कागदाची घडी केली. पोस्टातलं माणूस सांगतंय म्हटल्यावर ती कशाला शंका घेईल?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. अशी बंदी आहे की नाही, मला माहीत नाही, बाबा. मी कुणाला विचारलंच नाही.