इग्नासच्या खोलीतला पाइप

२ सप्टेंबर

बदलणार म्हणे पाइप! तिन्ही मजल्यांचे! वरचा एरिकास जिन्यात गाठून सांगत होता, स्वारी खुशीत. ‘युद्धाच्या आधीचे आहेत, विल्माताई. आत एवढा गंज की खोल्या तापवायचं गरम पाणी वर चढतच नाही. गेल्या हिवाळ्यात आमचं बाळ टोपी घालून झोपलं.’ मी म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. हसलेसुद्धा.

दार लावलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हा उभा पाइप खाली झिताबाईंच्या घरातून निघतो, माझ्या घरातून वर एरिकासकडे जातो. माझ्या घरात तो आहे कुठे? मागच्या खोलीत. इग्नासच्या.

आणि इग्नास तर नॉर्वेत आहे. बर्गनला, मासळीच्या कारखान्यात. सगळ्यांना ठाऊक आहे — मीच सांगितलंय.

३ सप्टेंबर

खरं काय ते इथे तरी लिहावं. माझा मुलगा फेब्रुवारीत परत आला. कामावरून काढलेला, हातात एक पिशवी. कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. दुसऱ्यांची मुलं तिकडून गाड्या घेऊन येतात! म्हटलं, बरा होईपर्यंत कुणाला काही सांगायला नको. पण मी कुठली गप्प बसतेय? कुणी विचारलं की तोंडातून निघायचं — मजेत आहे, साहेब खूश आहेत.

आता तो जेवतो, वाचतो, भांडी घासतो. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. मीच म्हणते, अंधार पडल्यावर तरी जरा फिरून ये. नुसती मान हलवतो. काय आई आहे मी! अंधार पडल्यावर म्हणे!

८ सप्टेंबर

प्लंबर मापं घ्यायला आला, ब्रोनियस नावाचा. मागे एरिकास आणि झिताबाई. सगळे इग्नासच्या दारासमोर उभे. मी सांगितलं, खोलीला कुलूप आहे, किल्ली त्याच्याकडे राहिली.

‘किल्ली घेऊन नॉर्वेला गेला?’ एरिकास.

‘खिशात राहिली असेल.’

झिताबाई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘तिकडे आता थंडी पडली असेल, नाही गं?’ मी म्हटलं, पाऊस आहे. पाऊस! तोंडाला येईल ते बोलते मी. आणि दारापलीकडे पोरगा श्वास रोखून बसलेला.

ब्रोनियस कान खाजवत म्हणाला, ‘मग खाली नवा, वर नवा, मधला तुकडा जुना. पण सांगून ठेवतो, पाण्याला मधल्यातूनच जायचंय.’

१६ सप्टेंबर

झालं काम. झिताबाईंच्या छताखाली आणि एरिकासच्या जमिनीवर जोड दिले. मधला तुकडा तसाच. मी सगळ्यांना कॉफी केली. चांगुलपणा!

९ ऑक्टोबर

गरम पाणी सोडलं आज. झिताबाईंकडे हात लावला तर चटका बसतोय. माझ्याकडे कोमट. एरिकासकडे गार. गारढोण!

१२ ऑक्टोबर

वरून पाइपावर चमचा वाजवतायत. आमच्याकडे हीच रीत. ज्याच्यामुळे त्रास होतो त्याला कळावं म्हणून पाइप वाजवायचा, आणि ऐकू जातं सगळ्या इमारतीला. मी खाली मान घालून बटाटे सोलत राहिले.

इग्नास दारात येऊन म्हणाला, ‘आई, बाळ खोकतंय वर.’

‘तू गप बस,’ म्हटलं मी. जो एरवी बोलतच नाही त्याला गप बसवते!

१३ ऑक्टोबर

एरिकास आला. हसला नाही. ‘परवा ब्रोनियस मोकळा आहे. कुलूपवाला मी आणतो. तुमची हरकत नाही ना?’ हरकत घ्यायला मला तोंड कुठे राहिलंय?

इग्नासला म्हटलं, परवा उजाडायच्या आत गावाला मावशीकडे जा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तो ‘बरं’ म्हणाला. त्याची पिशवी मीच भरली. ब्रेड, चीज, लोकरीचे मोजे. स्वतःच्या मुलाला चोरीच्या मालासारखं दडवते आहे. शरम वाटते, आणि तरी पिशवीची चेन ओढून लावलीच.

१५ ऑक्टोबर

गेलाच नाही तो!

उजाडायच्या आतच गेला असं समजून मी औषधाच्या दुकानात गेले होते. परत आले तर जिन्यापर्यंत हातोड्याचे घाव ऐकू येत होते. आणि हसणं. दार सताड उघडं. इग्नास गुडघ्यांवर बसून ब्रोनियसला पाइप धरून देत होता, तोंडावर गंजाचे पट्टे. एरिकास बाळाला कडेवर घेऊन उभा. झिताबाईंनी उकडलेले बटाटे आणि मिठातली अळंबी आणून ठेवली होती. कुणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं!

झिताबाईंना स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, मी खोटं बोलत होते. रडू आवरेना.

‘अगं बाई, माझ्या डोक्यावर चालतो तो रोज. फेब्रुवारीपासून! मला काय कान नाहीत? की वरच्यांना नाहीत?’

‘मग तुम्ही बर्गनची थंडी कशाला विचारत होतात?’

‘तुला सांगायला बरं वाटायचं म्हणून.’

म्हणजे सगळेच मला सांभाळून घेत होते. जिन्यात समोरासमोर आलो की माझी कीव करत होते. आता कुणाच्या नजरेला नजर कशी देऊ?

१६ ऑक्टोबर

सकाळी खोली छान ऊबदार होती. धीर करून विचारलं त्याला, वसंतात तर तू बरा झाला होतास. मग बाहेर का पडला नाहीस रे?

ब्रेडला लोणी लावत म्हणाला, ‘निघालो होतो एकदा. बूटही घातले होते. तू जिन्यात झिताबाईंना सांगत होतीस, मला बढती मिळाली म्हणून. म्हटलं, आता बाहेर गेलो तर आई खोटी पडेल.’