डबीवरचं नाव

बोरी, ६ फेब्रुवारी २०२४

चि. धनश्रीस बन्सीधरकाकाचे अ. उ. आ.

क्षयरोगाच्या जंतूचा डीएनए तासाभरात ओळखणारं तुझं यंत्र बुधवारी शिबिरासाठी पिशवीतून बोरीला येणार, आणि आमची माणसं अजून खोकला पदराआड लपवतात. काल बाजारात मी बाकावर उभं राहून बजावलं, की आता कुणालाच लपवता येणार नाही. यंत्र नाव घेऊन सांगेल. तुझी कस्तुराकाकू म्हणाली, ह्यांना माईक कशाला, जिंतूरपर्यंत ऐकू जातंय.

आमची लेक राजनंदिनी तीन आठवडे खोकते आहे. काकू म्हणते, तुरीच्या भुशाचा खोकला हाय, लग्न तोंडावर आलंय, गवगवा नको. मी सांगितलं, पहिला नमुना माझ्याच घरचा. थुंकीच्या डबीवर तिचं नाव मीच लिहीन.

यंत्राइतकाच जीव माणसांवर राहू दे.

काका

ताडकळस, १७ फेब्रुवारी २०२४

ती. काकांना धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

नंदिनीच्या नमुन्यात जंतू नाहीत. शिबिरात तुमचं भाषण एवढं रंगलं, की माझ्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या तिकडंच गेल्या.

एक गोष्ट मनात खुपते. नमुना माझ्यासमोर घ्यायचा, असा नियम आहे. काकूनं डबी घरूनच भरून आणली. आपलंच घर, म्हणून मी बोलले नाही. खोकला राहिला तर पुन्हा तपासू.

काकूला नमस्कार, माझ्यावरची माया आटू देऊ नका.

धनश्री

बोरी, २ मे २०२४

चि. धनश्रीस अ. उ. आ.

लग्न पार पडलं, नंदिनी सोनपेठला सासरी गेली. मांडवात मी तुझा अहवाल वाचून दाखवला. नंदिनीला अजून ढास लागते, पण तो कागद पाहून सोनपेठच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. पुन्हा तपासायचं म्हणतेस. तुझाच तुझ्या यंत्रावर भरवसा नाही का?

असाच लोभ वाढत जावा.

काका

ताडकळस, ११ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

काल न राहवून यंत्र घेऊन सोनपेठला गेले. नंदिनी ओळखू येईना. नमुना समोर घेतला. जंतू आहेत, भरपूर आहेत, आणि नेहमीच्या मुख्य औषधाला दाद देणारे नाहीत. तिला लगेच परभणीच्या दवाखान्यात नेलं.

डबी हातात देताना ती हसली. म्हणाली, असली डबी ती आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय.

काका, फेब्रुवारीतली डबी कुणी भरली होती?

तुमचीच,
धनश्री

बोरी, २० जानेवारी २०२५

चि. धनश्रीस अ. उ. आ.

नंदिनीचा तेरावा परवा झाला. त्यानंतर मी काकूला विचारलं. डबी तिनं स्वतः भरली होती. पोरीला कळूही दिलं नाही. म्हणाली, तुमीच बाजारात सांगितलं, यंत्र नाव घेऊन सांगतंय म्हणून. नाव सगळ्या गावात झालं असतं तर पोरीला कोण पत्करलं असतं?

शिबिराच्या दिवशी काकू माझ्या समोरच बसली होती, धनश्री. मी तिच्याकडं न बघता तासभर बोललो.

आता बाकावर उभा राहत नाही. ज्याच्या घरी खोकला, त्याच्या ओट्यावर जाऊन गप्प बसतो. माणूस तयार होईपर्यंत उठत नाही.

सोबत एक डबी पाठवतोय. शेवटचे दोन महिने काकू नंदिनीच्या उशाशी होती; आठवड्यापासून तिला खोकला आहे. आज सकाळी मी तिच्याजवळ बसूनच डबी भरून घेतली. वर नाव तिचंच आहे, आणि आतलंही तिचंच.

जे असेल ते मला लिही. आमच्यावरची माया तेवढी सोडू नकोस.

काका