शुक्रवारची नदी

उल्हासनगर, कॅम्प ४
४ मार्च २००७

चि. धम्मदीप यास,
शीलाताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तोंडातून शिव्या निघाल्या असत्या, म्हणून लिहिते. गुरुवारी प्रदूषण मंडळाच्या साहेबांपुढे आमच्या तक्रारीची सुनावणी झाली. रंगाचे कारखाने वालधुनी नदीत काय सोडतात, त्या वासाने तुझ्या भाचीचा, स्वप्नालीचा, दमा कसा उठतो, सगळं सांगितलं. कारखानदारांच्या माणसाने शांतपणे उपग्रहाचा फोटो टेबलावर ठेवला. नदी अगदी स्वच्छ! आसमान से लिया है, झूठ थोडी बोलेगा, म्हणाला. साहेबांनी मलाच अफवा पसरवू नका म्हणून समज दिली.

फोटोखाली तुझ्या हैदराबादच्या कंपनीचं नाव. उपग्रह फ्रीजएवढा, पण रस्त्यावरची रिक्षासुद्धा सोडत नाही, म्हणून मिरवत होतास ना? मग एवढी लाल नदी कशी सोडली रे? राग नाही, किळस आली मला.

आईबाबा बरे आहेत. जेवत जा वेळेवर.

तुझी,
शीलाताई

हैदराबाद
१२ मार्च २००७

ती. ताईस,
धम्मदीपचा सविनय जयभीम.

फोटो खरा आहे, ताई. त्याची तारीख बघ, ९ फेब्रुवारी. शुक्रवार, म्हणजे आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी. उपग्रह गिऱ्हाईक सांगेल त्या दिवशी मान वळवून बघतो, आणि त्यांनी शुक्रवारच मागितला होता. ऑर्डर काढून वाचली मी. इथे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्यालाच ते कळणार.

आमच्याकडे एका मंगळवारचाही फोटो आहे. त्यात नदी तू म्हणतेस तशीच लाल आहे. आमच्या कंपनीतल्या साहेबांकडे मागितला, तर हसून म्हणाले, तुझी बहीण आपली गिऱ्हाईक आहे का? चोरून पाठवायची माझी छाती नाही. आईबाबांचं घर या पगारावर चालतं, तुला ठाऊक आहे. तू मात्र सुनावणीत शुक्रवारचं सांग. स्वप्नालीला जप.

तुझा,
धम्मदीप

उल्हासनगर, कॅम्प ४
२२ एप्रिल २००७

चि. धम्मदीप यास,
जयभीम व आशीर्वाद.

सांगितलं शुक्रवारचं. साहेब विचारात पडले, मी म्हटलं झाला न्याय. कसला न्याय! हुकूम निघाला: कारखानदारांनी दर महिन्याला उपग्रहाचा फोटो सादर करावा. चालू दिवशी धुरामुळे नीट दिसत नाही, सबब तो शुक्रवारी काढावा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि काम तुझ्याच कंपनीला. ते कागद हातात धरवेनात मला.

स्वप्नालीला पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, जगवायची असेल तर इथून हलवा. यांची नोकरी इथे, आईबाबा इथे, मी कशी निघू? तिला बदलापूरला, शिरगावच्या वृंदाआत्याकडे सोडून आले. आठ वर्षांची पोर आईवेगळी झाली, आणि नदी कागदावर ठणठणीत.

एवढंच कळव, ते फोटो तुमच्याकडे कोण तपासतं?

शीलाताई

हैदराबाद
१९ मे २००७

ती. ताईस,
जयभीम.

मीच तपासतो. पहिला फोटो काल आला. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून परत पाठवायला कारण सापडलं नाही. पुष्कळ वेळ शोधलं. मग शेरा लिहिला, पाणी स्वच्छ, आणि खाली सही केली. आमच्या साहेबांनी पाठ थोपटली. मला माझीच शिसारी आली, तरी आज पुन्हा कामावर आलो आहे.

तू रागाव, हवं तर बोलूही नकोस, पण मला अगदी परका करू नकोस. आणि स्वप्नालीने विचारलं, मामा काय काम करतो, तर तिला सांगू नकोस.

तुझा,
धम्मदीप