पडद्यावरची पांढरी व्हॅन

२ ऑक्टोबर २००७, मंगळवार

नाही टिकलो! मग?

दाजी आज लॅबमध्ये, सगळ्यांसमोर — "श्रीरंग, एका जागी सहा महिने तरी काढलेस का रे कधी?" रेडमंडच्या गोदामात आठ काढले होते. ओठांवर आलं होतं, गिळलं. त्याआधी हर्नडनचं कॉलेज. तिथे कंटाळा आला, सोडलं. रेडमंडला पावसाने जीव नको केला, सोडलं. आता टेक्सासमधलं अर्विंग. नीलांबरीताईच्या घरी वरची खोली, आणि तिचा नवरा जिथे इंजिनिअर आहे त्याच कंपनीत टेक्निशियनची नोकरी. म्हणजे सोल्डरिंग करा, मोजा, फॉर्म भरा, खोकी उचला आणि वर दाजींचं ऐका. ऑफिसात परीक्षित म्हणायचं, घरी दाजी. दोन्हीकडे नाक सारखंच वर.

न्यू मेक्सिकोची बस नऊ तास घेते. विचारून ठेवलंय.

४ ऑक्टोबर, गुरुवार

आठ माणसांची कंपनी आणि एक चिप. दाजींची. तीन वर्षं घासलेत त्या चिपवर. नखाएवढी पण नाही.

आज जेवताना पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. गाडीची वीज फार लहरी. बारा व्होल्ट म्हणायचं नुसतं. स्टार्टर फिरला की बुडते सहावर, कधी उसळी मारते चाळीसपर्यंत. चिपने हे सगळं सोसायचं आणि मागच्या कॅमेऱ्याला शांतपणे तीन पॉइंट तीन देत राहायचं. तिच्या तोंडाशी एक कपॅसिटर असतो — तपकिरी दाणा, अंगावर ना नंबर ना नाव. बॅटरी क्षणभर बुडाली तर तेवढ्यापुरती शिदोरी.

"आणि शिदोरी कमी पडली तर?"

"नाही पडत. हिशेब केलाय मी."

बोलताना डोळे चमकत होते, हे खरं. घास हातातच राहिला होता. आवडला मला माणूस, पाचएक मिनिटं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक लागलं! व्हीलचेअरवरच्या लोकांना दवाखान्यात ने-आण करणारी व्हॅनची कंपनी. साठ कॅमेरे, २६ तारखेला. साठ त्यांचे आणि एक दाजींच्या नव्या गाडीला. प्रत्येक कॅमेऱ्याच्या बोर्डावर तो तोंडाशी असणारा दाणा शेवटी हाताने लावायचा — म्हणजे मी.

चारच्या सुमाराला हवा खायला बाहेर गेलो. पार्किंगमध्ये ग्रॅकल पक्षी! काळे, निळी झाक मारणारे, शेपटी होडीच्या सुकाणूसारखी. एकाला टॉर्टियाचा, म्हणजे मक्याच्या पोळीचा, वाळका तुकडा सापडला होता. तो उचलून डबक्यात नेला, बुडवला, मऊ केला, मग खाल्ला. चहात खारी! अगदी तसंच. दुसरा आला चोरायला, तर त्याला असा काही ओरडला — गंजलेलं फाटक उघडल्यासारखा. पाऊण तास उभा होतो.

परत आलो तर आयर्न थंड, टेबलावर दाण्यांची दोन रिळं उघडी. जवळचं ओढलं आणि उरलेले बारा बोर्ड घरी जायच्या आत संपवले. बारा! सांगा आता, लक्ष नसतं म्हणून.

१३ ऑक्टोबर, शनिवार

दाजींच्या गाडीला कॅमेरा बसवला. गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा बोर्ड घेतला. सहा वर्षांची केया, माझी भाची, ड्रायव्हरच्या सीटवर बसून पडद्यात बघत होती आणि मी मागे उभा राहून माकडचेष्टा करत होतो.

"मामा, यू लुक बेटर ऑन टीव्ही!"

ताई हसली. बऱ्याच दिवसांनी.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

दाजींची टेस्ट संपली, एकसष्टही बोर्ड पास. कंटाळ्याने मेलो. बारा व्होल्ट, सहा, बारा. बारा, सहा, बारा.

२१ ऑक्टोबर, रविवार — दसरा

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी ताईने माझं सोल्डरिंग आयर्न आणि मीटर देवापुढे ठेवून हळद-कुंकू लावलं. मग नवी गाडी घेऊन मंदिरात. पार्किंगमध्ये वीसेक गाड्या झेंडूचे हार घालून रांगेत. आमची मंदिराकडे तोंड करून. चार चाकांखाली चार लिंबं. गुरुजींनी सांगितलं, दिवे लावा, वायपर चालवा, हॉर्न वाजवा, सगळं काही चालू आहे हे देवाला दिसू दे. इंजिन बंद, बाकी सगळं चालू — अर्धा तास!

दाजींना तेवढ्यात कॅमेरा दाखवायची हौस. किल्ली फिरवलेली, गिअर रिव्हर्समध्ये, आणि खिडकीशी ही गर्दी. "अरे वा, परीक्षित, स्वतःची चिप?" "हो, हो, आपलीच." पडद्यावर मागचं पार्किंग, त्यात कोणाची तरी पांढरी मिनीव्हॅन. लख्ख चित्र. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गर्दी पांगली, दाजींनी गिअर पार्कमध्ये आणला, पडदा विझला. नारळ फुटला. एक भकल घरंगळत गाडीखालून मागे गेलं. मिनीव्हॅन तेवढ्यात निघून गेली, मी तिला हात केला, त्यांची मुलं मागच्या काचेतून जिभा दाखवत होती म्हणून. मग मी दाजींशेजारी बसलो. "चला, लिंबांवरून घ्या," गुरुजी म्हणाले. दाजींनी स्टार्टर मारला. गाडी कण्हली, दोनदा कण्हली, सुरू झाली. लगेच रिव्हर्स.

पडद्यावर पार्किंग. पांढरी मिनीव्हॅन.

ती तर गेली होती!

विचार नाही केला. हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी. गाडी हिसका खाऊन थांबली, लिंबू फुटल्याचा आवाज आला, दाजींचं डोकं पुढे. "वेडा झालास का तू!"

आणि बंपरच्या मागून सरलाकाकू उभ्या राहिल्या. दाजींच्या आई. वाकून भकल उचलत होत्या. हातभर अंतर होतं, हातभर! वर म्हणतात कशा — "काय रे धसमुसळेपणा! प्रसाद चाकाखाली गेला असता ना!"

पडद्यावर तेव्हाही काकू नव्हत्या. व्हॅन होती. कॅमेरा मेला होता आणि पडदा शेवटचं चित्र धरून बसला होता.

आपट्याची पानं देतानाही दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

नाही केली सही.

गिऱ्हाइकाचा नियम आहे, ज्याने टेस्ट केली त्यानेच फॉर्मवर सही करायची. इंजिनिअरची चालत नाही. आठवडाभर मला वाटत होतं हा नियम माझा अपमान करायला काढलाय. आज कळलं कशाला आहे.

"चूक माझी," दाजी म्हणाले. "आरशात बघायला हवं होतं मी."

"हवंच होतं. पण पडदा खोटं बोलला, दाजी."

"ऑफिसात दाजी नको. अर्धा तास दिवे लावून बॅटरी उतरवली, मग स्टार्टर मारला. असं कोण करतं?"

"आपण करतो!"

"श्रीरंग, फॉर्ममध्ये सत्यनारायणाचा रकाना नाही."

मला हसू आलं, आणि मग राग. म्हटलं, व्हॅनवाले काय करतात? दवाखान्यापुढे इंजिन बंद, दार उघडं, दिवे चालू, लिफ्ट खाली, लिफ्ट वर — दिवसभर पूजाच चालते की त्यांची! आणि मागे कोण असतं? ज्याला पटकन बाजूला होता येत नाही तोच!

दाजींनी चष्मा पुसला. "डिझाइन बरोबर आहे," एवढंच.

मालक वेन आला. उंच, बूट टेक्सासवाले, आवाज मऊ. शुक्रवार दुपारपर्यंत वेळ दिलाय. सही नाही तर मी नाही. नसू दे!

२३ ऑक्टोबर, मंगळवार

भंगारवाल्याकडून मरायला टेकलेली बॅटरी आणली. दाजींच्या गाडीत घातली, दहा वेळा स्टार्टर मारला. तीनदा चित्र गोठलं. तीनदा! स्टार्टर लागला की केयाची बाहुली मागे उभी करत होतो, त्या तीनही वेळा पडद्यावर बाहुली नाही.

दाजी उन्हात उभे राहून बघत होते. मग आत गेले, डब्यातला एक बोर्ड आणला. "हा लाव." लावला. दहा वेळा. दहाही वेळा बाहुली दिसली.

"एक गाडी, एक बोर्ड, एक नारळ," दाजी म्हणाले. "यावरून तू साठ थांबवणार?"

"हो."

"का?"

"कारण का होतं ते तुम्हालाही माहीत नाही."

हे लागलं त्यांना. बरं झालं.

२४ ऑक्टोबर, बुधवार

ताई पोळ्या लाटत होती. वळली नाही.

"ऑर्डर गेली तर कंपनी जाते. कंपनी गेली तर ह्यांचा व्हिसा जातो. मग केयाची शाळा, हे घर, सगळं. तुला काय, श्री — तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. बाबांबरोबर आलास तेव्हा लहान होतास म्हणून मिळालं. माझं वय उलटून गेलं होतं."

मी म्हटलं, "काकू हातभर अंतरावर होत्या, ताई."

"माहितीये मला! मी तिथेच होते!" लाटणं आपटलं. मग ताट पुढे सरकवलं — "जेवून घे."

दारात केया. "आर वी गोइंग टू इंडिया?"

सॅक भरून ठेवलीय. सही मात्र करणार नाही. कोणीही रडो.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलं, दाजींना दाखवूनच द्यायचं. चिप कुठे कमी पडते ते बोट ठेवून दाखवायचं आणि मग बस पकडायची. गाडीत गोठलेला तो पहिला बोर्ड लॅबमध्ये आणला. एकेक भाग सोडवून मोजला. शेवटी तोंडाशी असलेला तपकिरी दाणा.

बावीस मायक्रोफॅरड पाहिजे. मीटरवर दहा.

मीटर बदलला. दहा.

टेबलाच्या खणात दोन रिळं. एकावर बावीस, एकावर दहा. आकार तोच, रंग तोच.

बावीसचा लावला. गाडीत घातला. तीच मरतुकडी बॅटरी, वीस वेळा स्टार्टर. वीसही वेळा बाहुली. जिवंत, हात वर केलेली.

चिप बरोबर आहे. हिशेब बरोबर आहे. तीन वर्षं बरोबर आहेत.

मग ही वही उघडली. ९ तारीख. ग्रॅकल. चहात खारी. "जवळचं ओढलं."

पान बंद केलं, उघडलं, बंद केलं. अजून कुणाला माहीत नाही. गाडीतला बोर्ड मी आता दुरुस्तच केलाय! उद्या सही केली तर दाजी खूश, ताई खूश, वेन पाठ थोपटेल. नाही केली तर मी शूर, तत्त्वाचा पक्का. दोन्हीकडून माझीच जीत. किती छान!

बारातला एक गाडीत होता. अकरा डब्यांत आहेत. कुठल्या डब्यांत, मी लिहून ठेवलं नाही. पक्षी लिहून ठेवला.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

लॅबच्या बाहेर उभा राहून लिहितोय. आत तुम्ही आणि वेन, टेबलावर फॉर्म.

दाजी, ही वही आजवर कोणाला दिली नाही. ९ तारखेपासून वाचा, वेनला इंग्रजीत सांगा. मी तोंडाने सांगायला गेलो तर मध्येच दुसरं काहीतरी बोलेन, तुम्हाला माहीत आहे. अकरा डबे शोधायचेत. म्हातारी बॅटरी गाडीतच आहे, साठही बोर्ड तिच्यावर घ्यावे लागतील, एकेक वीस-वीस वेळा. आज होणार नाही. सोमवारीही नाही.

तुमच्या टेस्टने माझी चूक पकडली नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. तुमच्या नाकाबद्दल लिहिलंय तेही वाचा. खोडणार नाही.

सॅक रिकामी केली सकाळी.