रुझेनाकाकूंची माणसं

५ ऑक्टोबर
आलो एकदाचे ल्होट्याला. नेब्रास्कातलं हे चेक लोकांचं गाव, ओमाहापासून पाऊण तासावर. एक रस्ता, एक चर्च, एक बिअर हॉल आणि चहूकडे मका. निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्यांत म्हातारी माणसं. गिरीश ओमाहाला ऑफिसला जाणार, माझं काम घरूनच. आणि आमच्या अनयाला चक्क अंगण मिळालंय. हे घर शेजारच्या रुझेनाकाकूंच्या मुलीचं. काकू खसखशीचं सारण भरलेले गोल पाव घेऊन आल्या. कोलाचे म्हणतात त्यांना. आम्ही ताट चाटूनपुसून साफ केलं. मुलगी कुठे असते विचारलं, तर म्हणाल्या, इथे जवळच.

९ ऑक्टोबर
काकू रोज कोलाचे आणतात. शाळेतून आली की अनया त्यांच्याकडेच असते. आज मला ‘मामिंको’ म्हणाली. म्हणजे आई. माझ्या मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी पोरगी, चेक कशी पटकन उचलते, म्हणून गिरीश हसत होता.

१४ ऑक्टोबर
गिरीश ऑफिसला गेला नाही. शेडमधला जुना ट्रॅक्टर खोलून बसला. याला घरातला नळ बदलता येत नाही, आणि संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू झाला. काकू कुंपणापाशी उभ्या राहून त्याच्याशी चेकमध्ये बोलत होत्या. तो उत्तरं देत होता. कधी शिकलास विचारलं, तर मीच काहीतरी विचित्र बोलल्यासारखा बघत राहिला.

१६ ऑक्टोबर
चर्चमागे कबरस्तान आहे. दगडांवर चिनी मातीवर छापलेले गोल फोटो. एका दगडावर तिघं: योसेफ, मारी आणि अनयाएवढी आनिच्का. मृत्यूची तारीख एकच. बिअर हॉलच्या म्हाताऱ्याने सांगितलं, हायवेवर ट्रकने उडवलं. रुझेनाची मुलगी, जावई, नात. मग हळूच म्हणाला, तिने दिलेलं काही खाऊ नका. माझा चेहरा बघून त्याने मान खाली घातली.

१७ ऑक्टोबर
अनयाला गाडीत बसवलं. ती किंचाळत होती. तिला मराठी कळेना, इंग्लिशही कळेना. गिरीश आडवा आला. रागावला नाही. हळूच माझ्या हातातून किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, मारी.

१८ ऑक्टोबर
नागपूरला आईला फोन लावला. सगळं सांगितलं— आम्हाला इथून घेऊन जायला कुणाला तरी पाठव म्हटलं. आई बाबांना सांगत होती, “अहो, नंबर इलाचा दिसतोय, पण बोलणारी कुणी दुसरीच आहे. काय भाषा आहे कोण जाणे.”
मी मराठीतच बोलत होते— मराठीतच.

१९ ऑक्टोबर
लिहिता येतंय अजून. ‘ळ’ काढताना हात अडला—
दार वाजतंय. रुझेनाकाकू बाहेर रडताहेत. मारी, मारी. ओ द्यायची नाही. अनया दाराकडे धावतेय— गिरीश तिच्यामागे—
मी इला. नागपूरची इला.
केवढी थंडी आहे. किती वेळ उभं राहायचं तिने— आई आहे बाहेर, तिला आत