मध्यंतरानंतरचं पाणमांजर

दुर्मिळदर्शन आतेबंधू यांस,

तू माझ्याहून काही महिन्यांनी मोठा, म्हणून नमस्कार. आणि वागतोस धाकट्यासारखा, म्हणून पुढे सगळं अरेतुरे. साष्टांगच घालणार होतो, पण गुडघे सध्या माझ्या ऐकण्यात नाहीत, तेव्हा आठांपैकी जी अंगं वाकतात तेवढ्यांचाच स्वीकार व्हावा. तुझी प्रकृती उत्तम असणार असं धरून चालतो, कारण दर रविवारी फोनवर तू आत्याला ‘मी बरा आहे, जरा कामात आहे’ असं सांगतोस आणि त्यातलं निदान पहिलं तरी खरं असावं. पत्र कशाला, फोन का नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी बोलायला लागलो की तू ‘हं, हं’ करत दुसरीकडे टाइप करत असतोस. बटणांचा आवाज इकडे ऐकू येतो. पत्राला हं म्हणता येत नाही.

आधी तुझ्या आईचं सांगतो. पायाचं हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणतात, हाडाची आता काही तक्रार नाही, तक्रार आहे ती हाडाच्या मालकिणीची. व्यायाम शिकवायला एक बाई येतात (अंगानं काडी, आवाजानं हवालदार). त्या वॉकर पलंगाला लावून ठेवतात, आणि त्यांची पाठ वळली की आत्या त्यावर टॉवेल वाळत घालते. उठायचं कधी, तर ‘उद्या’. न्हाणीघरात पाय घसरला तो क्षण तिच्या मनातून जात नाही, एवढीच गोष्ट आहे. पण ती कबूल करण्यापेक्षा आत्या जन्मभर झोपून राहील. बाईंनी मला जिन्यापर्यंत नेऊन स्पष्ट सांगितलं, की या दिवसांत उभ्या राहिल्या नाहीत तर पुढे राहणं कठीण. आम्ही सगळे विनवण्या करून थकलो. हे ध्यानात ठेव आणि आता माझ्याबरोबर सिनेमाला चल.

गेल्या रविवारी माझे साडू दोन तिकिटं घेऊन हजर झाले. यांना घरात आम्ही ‘सेनापती’ म्हणतो. विमा कंपनीत खाली मान घालून काम करतात, आजवर झुरळसुद्धा बायकोकडून मारून घेतलं आहे, पण पडद्यावर कुणी कुणाला भिंतीतून आरपार फेकलं की यांच्या दंडात बळ येतं. मला मारधाडीच्या सिनेमाला आणि तुझ्या वहिनीला आमच्या चिमणीबरोबर कार्टूनला, अशी वाटणी झाली. माझं मत कुणी विचारलं नाही. घरात संस्कृत शिकलेल्या माणसाचं मत फक्त बारशाचं नाव शोधताना विचारतात, आणि मग ठेवतात दुसरंच.

थिएटरात एकच बोळ, बोळाच्या एका अंगाला मारधाड, दुसऱ्या अंगाला कार्टून, आणि दोन्ही दारांना एकाच ताग्यातून फाडलेले मखमली पडदे. (पडद्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे.)

आता मारधाड. नायकाला वाक्यं थोडी आणि बनियन एकच. त्याच्या आईला खलनायकानं पळवलेलं. खलनायक बुद्धिमान आहे हे आपल्याला कळावं म्हणून त्याला बुद्धिबळाच्या पटापुढे बसवला होता; सबंध वेळात एक प्यादं हललं असेल तर शपथ. तिथे गाडी गाडीला नुसती घासली तरी पेट घेते. आमच्या शाळेची बस इतकी वर्षं सगळ्यांना घासत आली, तिला साधं सुरू होणं जमत नाही. गोळ्यांचा पाऊस पडतो, पैकी नायकाला लागते एक, आणि तीही दंडाला, जिथे पट्टी शोभून दिसेल. सेनापती प्रत्येक ठोशाला माझ्या बरगडीत कोपर मारत होते. वीररसाची व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. ती उजव्या बरगडीत अनुभवली प्रथमच. शेवटी नायकानं पुलाच्या कठड्यावर चढून आईच्या नावानं हाक मारली आणि खाली नदीत उडी घेतली. बुडबुडे. अंधार. मध्यंतर.

मी बाहेर गेलो. कुठे गेलो ते या वयात सांगावं लागत नाही. वेळ का लागला तेही. परत येताना चष्मा पुसत होतो, बोळात पोरांची झुंबड, आत बॅटरी दाखवणाऱ्या इसमाची पाठ माझ्याकडे. पडदा बाजूला सारला आणि मिळेल त्या खुर्चीत बसलो.

पडद्यावर तीच नदी. तेच बुडबुडे. आणि बुडबुड्यांतून वर आलं ते एक पाणमांजर! मिशा ठिबकताहेत, डोळे भरलेले, आणि पहिलंच वाक्य, ‘आई, कुठे आहेस तू?’

आता तू हसशील. पण ज्याचं आयुष्य शाप, उःशाप आणि परकायाप्रवेश यांवर प्रश्नपत्रिका काढण्यात गेलं, त्याला यात खटकावं काय? आमच्याकडे माणसाची वेल होते, शिळा होते, हरीण होतं. मग पाण्यात पडलेल्याचं पाणमांजर होणं तर केवढं औचित्यपूर्ण! मी दिग्दर्शकाबद्दलची सगळी मतं जागच्या जागी मागे घेतली. बनियन गेलं, अंगभर लव आली, हेही मला सूचक वाटलं. धरण बांधून नदी अडवणारी एक गब्दुल घूस आली, तेव्हा तर बुद्धिबळवाला मी तिच्या गालांवरून ओळखला. आसपास एवढी लहान मुलं कशी, हा विचार एकदा चाटून गेला, पण आजकालचे आईबाप मुलांना कुठेही नेतात असं म्हणून मी त्यांनाच नावं ठेवली. सेनापती शेजारी नाहीत याचं तर सुखच होतं.

अर्थात या अर्ध्यातही दोष आहेतच. भेटेल तो प्राणी गातो. न गाणारा उपदेश करतो. एक म्हातारं कासव ‘हृदयाचं ऐक’ असं तीनतीनदा सांगतं. त्याचं वय पाहता त्यानं एखाद्या डॉक्टरचं नावही सांगायला हवं होतं. खार विनोदी आहे, असं खारीचंच मत आहे. पण ते पिल्लू धरणाच्या भिंतीवर पंजे आपटत पलीकडच्या आईला हाका मारू लागलं, तेव्हा माझा चष्मा आतून धुकटला. (वातानुकूलन फार होतं.)

सिनेमा सुटल्यावर मी कुणाची वाट न बघता घरी आलो. सेनापतींचं रसग्रहण टाळायचं होतं. वहिनी आणि चिमणी खेळण्यांच्या दुकानापाशी अडकल्या होत्या, म्हणून घरात आत्या आणि मी दोघंच. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी सिनेमा सांगायला लागलो. पूल, उडी, शाप, पाणमांजर, घूस, सगळं एका दमात. हळूहळू ती कुशीवरून पाठीवर आली, मग कोपरावर.

“त्याचं पिस्तूल कुठं गेलं मग?” तिनं विचारलं.

“पाण्यात पडलं असेल.”

“असेल? नीट बघत जा रे. आणि त्याची आई माणूसच राहिली की तीही पाणमांजर?”

“पाणमांजरच.”

“बरं झालं. नाहीतर ओळखणार कशी लेकराला? मग? सापडते का?”

आणि इथे, बंधो, मला एकदम आपलं लहानपण आठवलं. सकाळी अंथरुणात लोळत आपण दोघं कालच्या गोष्टीचा शेवट मागायचो आणि ती काय म्हणायची? झोपलेल्याला शेवट नाही. उठा, उभे राहा, तोंडं धुवा, मग राक्षस मरेल. एकदा तू हट्टानं उठला नाहीस, तर तो राक्षस आठवडाभर जिवंत होता.

मी म्हटलं, “आत्या, झोपलेल्याला शेवट नाही.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दारापर्यंतचं अंतर मोजलं. मग तिनं वॉकरवरचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली (त्याही वेळी!), आणि मला हात न लावू देता, दात आवळून, उभी राहिली. पाय लटपटत होते. मी शेवट सांगायला तोंड उघडलं तर म्हणते, “तू नको सांगूस. तुझं सगळं ‘असेल, असेल’. मी थेटरात जाऊन बघते.” आणि खाली बसली. तेवढ्यात तुझी वहिनी दारात आली, हे पाहून तिच्या हातातली पिशवी गळली, आणि तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“अहो, तुम्ही आमच्या पुढच्या रांगेत बसून हुंदके काय देत होतात? मला वाटलं, सेनापतींशी भांडून आलात!”

माझं सामान्य ज्ञान असं, तिथल्या तिथे, डाळीच्या डब्याशेजारी वाढलं. (सेनापतींना मी रुसून घरी गेलो असं वाटलं, आणि त्या आनंदात त्यांनी माझ्याही लाह्या संपवल्या.) तर तुलनेचं सार असं, की मारधाडीच्या सिनेमाला उत्तरार्ध नसावा, कार्टूनला पूर्वार्ध नसावा, आणि दोन्ही निर्मात्यांनी मला भेटावं.

चिमणीचा तुला पापा. सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
अल्पमती मामेभाऊ

ता. क. खरं काम राहिलंच. आत्या आता रोज विचारते, कधी जायचं. सिनेमा दाखवला तर चालेन, नाहीतर पुन्हा टॉवेल. आणि असा सिनेमा अख्ख्या जगात नाही, हे तिला सांगायची माझी छाती नाही. खूप विचारांती एकच मार्ग दिसतो: माझी चूक जशीच्या तशी पुन्हा करायची. पूर्वार्ध एका दारात, मध्यंतरात बोळ ओलांडायचा, उत्तरार्ध समोरच्या दारात. व्यायामाच्या बाईंना नेऊन बोळ दाखवला. म्हणाल्या, एवढंच तर मी चालवायला बघतेय! बॅटरीवाल्यालाही विश्वासात घेतलं. तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, “दोन्हीकडची तिकिटं काढा काका, आजींना मी स्वतः उजेड दाखवतो.” राहिला हात धरणारा. माझ्या हाताला धरून ती येणार नाही, म्हणते तुझेच गुडघे लटपटतात. तिला तुझा हात हवा आहे. दोन्ही सिनेमे पुढच्या गुरुवारी उतरतात. काम असेल तर तेही घेऊन ये. अंधारात टाइप कर.

ता. क. दुसरा. चष्मा वातानुकूलनामुळे धुकटला होता, हे वहिनीला भेटलास तर जरूर सांग.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे देऊन हा शाळेत गेला, म्हणून लिहिते. चिमणीनं मला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, की ते दोन वेगळे सिनेमे होते. याला बोलू नकोस, फार मन लावून सांगत होता. शेवटही कळला मला, आई सापडते. ही मंडळी बाहेर पडली की मी वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते, चहा करून पिते आणि कप धुऊन ठेवते. पण हे कळलं तर तुला कोण बोलावणार? त्या पाणमांजराला आईपर्यंत यायला अख्खी नदी पोहावी लागली. तुला नुसतं गाडीत बसायचं आहे.

— आई